आड उपसतो, मग तळे का नाही?

ज्या घरांना स्वतःचा आड होता, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना वैशाखातला एक दिवस अजून आठवत असेल. पाणी तळाला गेले की मृगापूर्वी आड उपसण्याचा बेत ठरे. पहाटेपासून पोहरे चालत आणि दुपारपर्यंत तळ उघडा पडे. मग एखादा धीट जवान दोराला धरून आत उतरे आणि पाट्यांमागून पाट्या गाळ वर येऊ लागे. त्या गाळात कोणाची बुडालेली कळशी निघे, कोणाचा तांब्या, कोणा मुलाचा चेंडू. सुटलेले चिरे पुन्हा बसवले जात, फटींत रुजलेली पिंपळाची रोपे उपटली जात, आणि बुजलेला झरा मोकळा झाला की आतला मनुष्य ओरडून ती वार्ता वर कळवी. त्या दिवशी घरात पाण्याची ओढाताण होई, शेजारून घागरी आणाव्या लागत. परंतु आड रिकामा झाला म्हणून कोणी हळहळले नाही. तो रिकामा केला होता तो पुन्हा नीट भरावा म्हणूनच, हे घरातल्या लहान मुलालाही कळत होते.

आडाच्या बाबतीत जे शहाणपण आपण घरोघर पाळले, ते तळ्याच्या बाबतीत मात्र आपल्याला सुचत नाही. सोलापुरात उन्हाळा चढू लागला आणि सिद्धेश्वर तलावाच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडू लागल्या की आपण अस्वस्थ होतो. तलावाची पातळी घटणे म्हणजे शहरावरचे संकट, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. त्यात वावगे काही नाही. अनेक वर्षे दिवसाआडच नव्हे, तर कित्येक दिवसांआड नळाचे पाणी घेतलेल्या या शहराने पाण्याच्या थेंबाकडे आणखी कोणत्या नजरेने पाहावे? तरीही एक प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. दर काही वर्षांनी, आधी ठरवून, हळूहळू आणि मर्यादेत राहून तळ्याचे पाणी आपणच उतरवावे, गाळ काढावा, भिंती सांधाव्यात, मासळीची घडी नीट बसवावी आणि मग येत्या पावसाळ्याला ते स्वच्छ भांडे भरू द्यावे, असे का करू नये?

श्रमातून जन्मलेले तळे

सोलापूरला हा प्रश्न परका नाही. किंबहुना तो या शहराच्या जन्मकथेतलाच आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगी या गावी, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळे खोदवले. मंदिरे बांधणारे पुष्कळ झाले. पण खोदकामाला धर्मकार्याचा दर्जा देऊन शेकडो हात कुदळ-फावड्याला लावणारे सत्पुरुष थोडे. वीरशैव परंपरेत एक प्रसंग सांगितला जातो. अल्लमप्रभू या गावी आले तेव्हा तळ्याचे काम जोरात चालले होते. त्यांनी मुद्दाम डिवचण्यासाठी सिद्धरामांचा उल्लेख माती खोदणारा वड्डर अशा शब्दांत केला आणि काम करणारे शिष्य खवळले. पुढे दोघांची भेट झाली, वाद झाला, आणि सिद्धरामांच्या आयुष्याला नवी दिशा मिळून ते कल्याणला बसवेश्वरांच्या मेळ्यात गेले. या कथेचा आध्यात्मिक अर्थ जाणकारांनी सांगावा. आपल्यापुरता एक साधा तपशील लक्षात घेण्याजोगा आहे: ज्या महापुरुषाच्या नावाने दर संक्रांतीला नंदीध्वज निघतात आणि गड्ड्याची यात्रा भरते, त्याची गावाला पहिली ओळख होती ती तळे खोदवणारा म्हणून. तळे हे केवळ दर्शनाचे स्थळ नव्हे, ते हातांनी केलेले आणि हातांनीच राखावयाचे काम आहे, हा संस्कार त्या कथेतच आहे.

शहराभोवती अशी आणखीही पाणी साठवणारी ठिकाणे आहेत. अदिला नदीवर बांधलेला एकरुख, म्हणजे लोकांच्या तोंडी हिप्परग्याचा तलाव, इंग्रजी अमदानीत १८७१ च्या सुमारास पुरा झाला. दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यात सिंचनासाठी उभारलेल्या आरंभीच्या मोठ्या तलावांपैकी तो एक. विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव, ज्याला आता धर्मवीर संभाजी तलाव म्हणतात, तो एकेकाळी कमळांसाठी ओळखला जाई. पुढे त्याची ओळख जलपर्णीने झाकलेला तलाव अशी झाली. एक आठ शतकांहून जुना, एक दीडशे वर्षांचा, एक वस्तीने वेढलेला. तिघांचे वय वेगळे, मालक वेगळे; पण दुखणे जवळपास एकच आहे.

साचण्याचा रोग

हे दुखणे साचण्याचे आहे. तळे म्हणजे भोवतालच्या जमिनीचा तळहात. पावसाबरोबर माती येते, पालापाचोळा येतो, निर्माल्य येते, आणि वस्ती वाढली की गटारेही त्याच उताराने येतात. पाणी सांडव्यावरून निघून जाते किंवा उन्हाने उडते. पण त्याने आणलेला गाळ, आणि त्या गाळातील नत्र व स्फुरद, तळाशी राहतात. शेतात ज्याला आपण खत म्हणतो, तेच तळ्यात जास्त झाले की विष ठरते. त्यावर शेवाळ माजते आणि जलपर्णी पसरते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते हे खरे, पण रात्री तेच प्राणवायू खाऊ लागते. तळाशी कुजणारा गाळ आपला वाटा घेतोच. त्यात उन्हाळ्याची भर पडते. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पाणी ३० अंशांवर गेले की साडेसातच मावतो. माशांना बरे जगायचे तर साधारण ५ मिलिग्रॅम हवा. अर्थात हाती राहणारी शिल्लक अगदी थोडी असते आणि पहाटेपूर्वीच्या घटकेला तीही संपते. मग सकाळी काठावर पांढऱ्या पोटाची मासळी तरंगताना दिसते, आणि कोणी विष टाकले काय याची चर्चा सुरू होते. पुष्कळदा विष कोणीही टाकलेले नसते. आपण सर्वांनी वर्षानुवर्षे ते थोडेथोडे साचू दिलेले असते.

या साचण्यावर वरवरचे उपाय पुष्कळ होतात. जलपर्णी यंत्राने काढतात, कारंजी बसवतात, काठावर बाके आणि दिवे येतात. त्यांचे मोल नाकारू नये. परंतु भरल्या तळ्याच्या तळाशी काय चालले आहे, याला काठावरचा दिवा पोचत नाही. भिंतीचा पाण्याखालचा भाग, घाटाच्या शेवटच्या पायऱ्या, मोरीची झडप, भरावाच्या आतल्या अंगाचे दगडी अस्तर यांची तपासणी पाणी उतरल्याशिवाय होत नाही. पाण्याखालच्या चिऱ्यांमधला चुना झिजला, एक चिरा सुटला, तर तो दिसण्याची वेळ येते ती भिंत कोसळल्यावरच.

आपल्या शेतकऱ्याला यातील तत्त्व सांगावे लागत नाही. रब्बीची ज्वारी निघाली की तो काळ्या रानाची उन्हाळी नांगरट करतो आणि ढेकळे वैशाखाच्या उन्हात तापू देतो. जमिनीला भेगा पडतात, हवा आत शिरते, किडीची अंडी मरतात, आणि पहिल्या पावसाला ते रान नव्या दमाने उभे राहते. तळ्याचा तळ उघडा पडून तापला तर नेमके असेच घडते. हवा लागताच कुजका गाळ लवकर विघटन पावतो, त्याची दुर्गंधी जाते, तो आटून घट्ट बसतो आणि उचलून नेण्याजोगा होतो. मत्स्यशेती करणारे दोन हंगामांच्या मध्ये तळे वाळवून त्यात चुना टाकतात, तेही याच कारणाने. रानाला विसावा मिळतो, तळ्याला मात्र आपण अखंड कामाला जुंपतो.

इतरांनी काय केले

ही गोष्ट इतरत्र कल्पनेत राहिलेली नाही. मध्य युरोपातील बोहेमिया प्रांतात त्रेबोन गावाभोवती मत्स्यतळ्यांचे जाळे आहे. त्यांतील सर्वांत मोठे रोझमबेर्क तळे १५८४ ते १५९० या काळात बांधले गेले. तेथे शरद ऋतूत तळी ठरल्या क्रमाने उतरवतात, खोल भागात गोळा झालेली मासळी जाळ्यांनी काढतात आणि मग तळी पुन्हा भरतात. चार शतके हा क्रम चालू आहे आणि तळी जिवंत आहेत. जपानमध्ये शेतीच्या तळ्यांचे पाणी काढून तळ साफ करण्याची जुनी चाल होती. तिला तेथे काईबोरी म्हणतात. टोकियोच्या इनोकाशिरा उद्यानातील तळ्यासाठी नागरिकांनी आणि प्रशासनाने ती चाल पुन्हा सुरू केली. २०१४, २०१६ आणि २०१८ च्या हिवाळ्यांत ते तळे उपसण्यात आले. तळातून फेकून दिलेल्या सायकली निघाल्या, परदेशी शिकारी मासे बाजूला काढले गेले, आणि २०१६ मध्ये त्या तळ्यातून अनेक दशकांपूर्वी नाहीशी झालेली एक पाणवनस्पती तळातल्या जुन्या बीजांतून पुन्हा उगवली. गाळाखाली बीज जिवंत होते. त्याला फक्त उजेड हवा होता.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच राज्यात भंडारा-गोंदियाच्या बाजूला मालगुजारी तलावांचा मोठा वारसा आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगावच्या परिसरात ढिवर समाजाच्या मच्छिमारांनी, अभ्यासक मनीष राजनकर यांच्या सोबतीने, काही तलावांना नवे जीवन दिले. उन्हाळ्यात पाणी ओसरलेल्या भागातील बेशरमाची झुडपे त्यांनी मुळासकट काढली, तळाची नांगरट केली आणि पावसाच्या तोंडावर देशी पाणवनस्पती लावल्या. माशांना अंडी घालायला आणि पिलांना लपायला जागा मिळाली, आणि जाळ्यात न दिसणाऱ्या देशी जाती पुन्हा दिसू लागल्या. हे काम करणाऱ्यांजवळ मोठी यंत्रसामग्री नव्हती. तळे केव्हा उघडे पडते आणि त्या काळात काय करायचे असते, याचे ज्ञान होते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

कोणी म्हणेल, गोंदियात पाऊस धो-धो पडतो; सोलापूरचे काय? आक्षेप रास्त आहे. आपल्या जिल्ह्याची पावसाची सरासरी सुमारे ५५० मिलिमीटरची, आणि त्यातला मोठा हिस्सा सप्टेंबरात, परतीच्या पावसाने मिळतो. उत्तरा-हस्ताने दगा दिला तर उतरवलेले तळे वर्षभर तसेच राहील. म्हणून हे काम दुष्काळाच्या छायेत करावयाचे नाही. पावसाळा चांगला झाला, तळे तुडुंब भरले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात करावयाचे. शिवाय एक हिशेब आपण विसरतो. या भागात चैत्र-वैशाखाचे ऊन दोन महिन्यांत तळ्याचे अर्ध्या मीटरहून अधिक पाणी नुसते वाफ करून नेते. ते पाणी आपल्या कामाला येत नाही आणि तळ्यालाही उपयोगी पडत नाही. तेच पाणी फाल्गुनापासून काढून उद्यानांना, रस्त्याकडेच्या झाडांना, बांधकामांना दिले, हिप्परग्यासारख्या ठिकाणी कालव्यातून उभ्या पिकांना दिले, तर उन्हाच्या तोंडचा घास काही अंशी आपल्या पदरी पडेल.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. देवाचे तळे कोरडे दिसणे बरे का? तर तळे कोरडे ठणठणीत करावे, असे येथे कोणीही म्हणत नाही. खोल भागात पाणी राखलेच पाहिजे, माशांसाठी आणि पाखरांसाठी. आणि ज्या सत्पुरुषाने तळ्याचा तळ आधी कोरडा पाहिला होता, त्याच्या भक्तांना चार महिने खालच्या पायऱ्या दिसल्या म्हणून अपशकुन वाटण्याचे कारण नाही. घाणीने हिरवे झालेले भरलेले तळे पाहण्यापेक्षा साफ होत असलेले उघडे तळे पाहणे हे अधिक भक्तीचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो पोटाचा आहे. तळ्यावर जगणाऱ्या भोई-कोळी कुटुंबांचे त्या वर्षी काय होणार? तळे उतरवणे त्यांच्या माथी मारले तर तो अन्याय होईल. त्यांच्या सल्ल्याने केले तर त्यांचाच लाभ होईल. पाणी खाली येते तशी मासळी एका जागी जमते. मोठी मासळी तेव्हा सोयीने काढता येते; बंदी असलेला आफ्रिकन मांगूर आणि सर्वत्र माजलेली चिलापी निवडून बाहेर घालता येते; मरळ, वाम यांसारखे देशी मासे डोहात राखता येतात. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडण्याचा हंगाम पावसाळ्याचा, तेव्हा उन्हाळ्यातली ही सफाई त्या वेळापत्रकाला धरूनच होते. मात्र त्या वर्षाचे ठेक्याचे भाडे माफ झाले पाहिजे, गाळ काढण्याच्या कामावर त्याच घरांना पहिली मजुरी मिळाली पाहिजे, आणि पाणी किती व केव्हा उतरवायचे या निर्णयात त्यांच्या सहकारी संस्थेचा शब्द असला पाहिजे. पाण्याची खोली कोठे किती, डोह कोठे, झरा कोठे, हे ज्यांना जाळे टाकता टाकता ठाऊक झाले आहे, त्यांना विचारल्यावाचून आखलेला नकाशा अपुराच राहील.

पक्षिप्रेमी म्हणतील, पाखरांचे काय? हिवाळी पाहुणे साधारण फाल्गुनापर्यंत परततात आणि स्थानिक पाणपक्ष्यांची वीण बहुधा पावसाळ्यात होते. त्यामुळे होळी ते मृग हाच काळ सर्वांत कमी त्रासाचा ठरतो. उथळ पाणी आणि चिखल हे पुष्कळ पक्ष्यांचे आवडते ताट असते, हे उजनीच्या काठी भिगवणला रोहित पाहायला जाणाऱ्यांना सांगावयास नकोच.

क्रम चुकला तर सारे व्यर्थ

या सर्व उत्तरांनंतर एक इशारा देणे भाग आहे. तळे उतरवणे हा जादूचा कांडी-स्पर्श नव्हे. पहिली अट गटारांची. तळ्याला मिळणारे सांडपाणी आधी वळवले नाही, तर लाखो रुपये खर्चून काढलेला गाळ थोड्याच वर्षांत पुन्हा जमेल. किंबहुना उतरलेल्या, उथळ, तापलेल्या पाण्यात गटार मिसळत राहिले तर राखून ठेवलेली मासळीही मरेल. दुसरी अट संथपणाची. पाणी घाईने उपसले तर भिजलेल्या भरावाला आणि जुन्या भिंतीला मिळणारा पाण्याचा आधार एकाएकी जातो, आतल्या मातीतले पाणी मात्र तसेच राहते, आणि तिच्या दाबाने भिंत पुढे झुकते. म्हणून पातळी दिवसाला थोडीच खाली यावी, आणि रोजची नोंद व्हावी. तिसरी अट जलपर्णीची. तिचे बी चिखलात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. पाणी परतल्यावर ते उगवणारच. तेव्हा पहिल्या पावसानंतरचे काही महिने कोवळी रोपे हाताने वेचावी लागतील. उन्हाळ्याचे श्रम पुरेसे नाहीत. चौथी अट गाळाची. २०१७ पासून शासनाच्या गाळमुक्त धरण योजनेत शेतकऱ्यांनी धरणांचा गाळ शेतात नेला आणि हलक्या रानाला त्याचा उपयोग झाला. पण शहरातल्या तळ्याचा गाळ हा शहराचा गाळ आहे. त्याची तपासणी करूनच तो शेतात जावा. आणि पाचवी अट कुंपणाची. तळ उघडा पडला की तेथे भराव टाकून जागा बळकावण्याचा मोह जागा होतो. पाणी उतरवण्यापूर्वी तळ्याची हद्द मोजून दगड रोवले पाहिजेत.

या पाच अटी पुऱ्या करणे एका कार्यालयाचे काम नाही, आणि खरी अडचण येथेच आहे. सिद्धेश्वर तलावाच्या एका अंगाला देवस्थान, दुसऱ्या अंगाला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचा भुईकोट किल्ला, भोवती महापालिकेचे रस्ते आणि गटारे. हिप्परगा पाटबंधारे खात्याचा. मासळीचे खाते निराळे, पर्यावरणाचे निराळे. प्रत्येकाच्या ताब्यात तळ्याचा एकेक काठ आहे. तळ मात्र कोणाच्याच ताब्यात नाही. म्हणून मागणी साधी आणि नेमकी असावी: प्रत्येक तळ्यासाठी एक समिती, तिच्यात या सर्वांचे प्रतिनिधी आणि मच्छिमार, आणि दहा वर्षांचे एक लेखी वेळापत्रक, ज्यात गटार वळवण्याचे वर्ष आधी आणि तळे उतरवण्याचे वर्ष नंतर असेल. येथील महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी पाण्याचा प्राणवायू, गाळाची जाडी, माशांच्या जाती यांच्या नोंदी आजपासून ठेवायला घेतल्या, तर उतरवण्यापूर्वी आणि नंतर काय बदलले हे सांगणारा पुरावा शहराजवळ राहील. शिक्षकांना यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कोठे मिळणार?

पाणी उतरवायचे की नाही हा पर्याय आपल्याला नेहमी मिळतो असेही नाही. जून २०२४ च्या आरंभी उजनी धरणाचा साठा उपयुक्त पातळीच्या खाली, वजा ६० टक्क्यांच्या जवळ गेला होता. अशा वर्षी पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरले आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकला. मंदिर पाहून झाले. तळाशी काय करता आले असते याचा विचार मात्र पाण्याबरोबर पुन्हा बुडाला. लहान तळ्यांचेही दुष्काळी वर्षांत असेच होते. निसर्ग अवर्षणाने तळे उपसतो तेव्हा आपण तयारीत नसतो: ना मजुरांची तरतूद, ना मोजलेली हद्द, ना गाळ नेण्याची व्यवस्था. संकटाच्या दिवशी जे करता येत नाही, ते सुबत्तेच्या वर्षी ठरवून करावे, यालाच व्यवहार म्हणतात.

आपल्या आजोबांनी आड उपसला तेव्हा त्यांना कोणी शासकीय आदेश दिला नव्हता. येणाऱ्या पावसाचे पाणी घाणीत पडू नये, एवढीच त्यांची समजूत होती. सोलापूरची तळी तशीच वाट पाहत आहेत. पुढच्या एखाद्या चांगल्या पावसानंतरच्या वैशाखात सिद्धेश्वराच्या सर्वांत खालच्या पायरीवरचा चिखल खरवडला गेला, सुटलेला चिरा चुन्यात बसवला गेला आणि एखाद्या कोळ्याने डोहातली मरळ जपून ठेवली, तर आठ शतकांपूर्वी येथे सुरू झालेले काम थांबलेले नाही, एवढे तरी आपल्याला म्हणता येईल.